अलार्म ‘वेंट ऑफ’ म्हणजे वाजला की बंद पडला?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज आला. बी विंगमध्ये नव्यानेच भाड्याने आलेल्या एका मुलाने इंग्रजीत लिहिलं होतं, ‘फायर अलार्म वेंट ऑफ ऑन सेव्हन्थ फ्लोअर.’ दोन मिनिटांत सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, ‘थँक यू. काइंडली कीप इट ऑफ.’ त्याखाली चार अंगठे आणि एक जोडलेले हात. सातव्या मजल्यावर भोंगा कोकलत होता आणि ग्रुपवर सगळे निश्चिंत, कारण त्यांच्या लेखी अलार्म बंद झाला होता.

आग वगैरे काही नव्हती. सातव्या मजल्यावर वास्तुशांत होती, गुरुजींनी होमात तूप जरा सढळ हाताने सोडलं आणि धूर गॅलरीतून बाहेर जायचा सोडून पॅसेजमध्ये शिरला. वॉचमन वर धावला म्हणून उलगडा झाला. संध्याकाळी काका मला लिफ्टपाशी गाठून म्हणाले, “तुम्ही भाषांतराची कामं करता ना? मग सांगा, ‘वेंट ऑफ’ म्हणजे बंद झाला असंच ना? लाइट्स वेंट ऑफ म्हणजे दिवे गेले. मग अलार्म वेंट ऑफ म्हणजे अलार्म गेला. यात माझं काय चुकलं?”

पस्तीस वर्षं सरकारी कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहार केलेला माणूस हे विचारत होता. ‘सॉरी काका, इंग्रजीत असंच असतं’ हे उत्तर त्यांना चाललं नसतं आणि मलाही ते पटत नाही. ‘असंच असतं’ असं भाषेत क्वचितच असतं.

आपल्याला ‘ऑफ’ भेटला तो स्विचबोर्डवर

काकांची चूक कुठून आली ते आधी पाहू, कारण ती तुमचीमाझीही आहे. ‘ऑफ’ हा शब्द आपल्या घरात शिरला तो विजेच्या खटक्यावर बसून. फॅन ऑफ कर, टीव्ही ऑफ कर, गॅस ऑफ केलास का. तिथून तो मराठीतच राहायला लागला. मूड ऑफ झाला. आज पहिलं लेक्चर ऑफ आहे. मंगळवारी माझा वीकली ऑफ असतो. या सगळ्यांत ‘ऑफ’चा अर्थ एकच, बंद किंवा सुट्टी. क्रिकेटमधला ‘ऑफ स्टंप’ तेवढा वेगळा, पण तो आपण नाव म्हणून उच्चारतो, त्याचा अर्थ कुणी विचारत नाही.

म्हणजे एका भल्यामोठ्या गोतावळ्यातला एकच मुलगा आपल्या ओळखीचा आणि त्याच्या चेहऱ्यावरून आपण अख्खं घराणं ओळखू पाहतो. ‘अलार्म वेंट ऑफ’मध्ये भेटतो तो त्याच घराण्यातला दुसराच कुणीतरी.

फ्रेजल व्हर्ब: एवढा एक पारिभाषिक शब्द

इंग्रजीत साधं क्रियापद घ्यायचं (गो, गेट, टेक, पुट, सेट) आणि त्याच्या शेपटीला एक चिमुकला शब्द जोडायचा (ऑफ, अप, आउट, ऑन). या जोडीतून जो अर्थ निघतो तो पुष्कळदा दोन्ही शब्दांच्या अर्थाची नुसती बेरीज नसतो. अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. या लेखात मी तिला जोडी म्हणेन आणि शेपटीच्या शब्दाला शेपूट. व्याकरणाचे शिक्षक नाराज होतील, होऊ देत.

ही जोडी परक्यांना छळते हे इंग्रजांना फार आधीपासून ठाऊक आहे. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपला मोठा शब्दकोश काढला. त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलं की, क्रियापदाला असे छोटे शब्द जोडून अर्थ बदलण्याची चाल आमच्या भाषेत फार आहे आणि परदेशी माणसाला सर्वांत जास्त अडचण तिचीच होते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र बरंच अलीकडचं. लोगन पिअर्सॉल स्मिथने १९२५ साली ते छापात वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवलं असंही नमूद केलं. तोवर बिनानावाने छळ चालू होता.

एक जोडी, केवढा संसार

आता ‘गो ऑफ’ काय काय करते बघा. ‘ही वेंट ऑफ टु कॉलेज’, तो कॉलेजला गेला. इथपर्यंत ठीक. ‘द बॉम्ब वेंट ऑफ’, बॉम्ब फुटला. ‘द गन वेंट ऑफ’, बार उडाला. ‘द लाइट्स वेंट ऑफ’, दिवे गेले. ‘द बेबी वेंट ऑफ टु स्लीप’, बाळाला झोप लागली. ‘द वेडिंग वेंट ऑफ वेल’, लग्न छान पार पडलं. ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’, दूध नासलं. हे ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात बोलतात. अमेरिकन माणूस दुधाला ‘गॉन बॅड’ म्हणेल. ‘आय हॅव गॉन ऑफ टी’, चहावरून माझं मन उडालंय. हेही ब्रिटिशच. समालोचक म्हणतो, ‘द प्लेअर्स हॅव गॉन ऑफ’, म्हणजे पावसामुळे खेळाडू मैदानाबाहेर गेलेत. ‘शी वेंट ऑफ विथ माय अम्ब्रेला’ म्हणजे ती माझी छत्री घेऊन गेली. छत्रीच्या जागी शेजारच्या विजयला बसवलं की त्याच वाक्यात ती विजयबरोबर पळून गेली.

शेक्सपियरच्या काळात तर ‘गो ऑफ’चा अर्थ मरणे असाही होत असे. आपल्याकडे नाही का, ‘नाना गेले’?

यादी इथेच थांबवते. पूर्ण केली तर लेखाचा कोश होईल आणि कोश वाचून या जोड्या कुणालाच येत नाहीत.

शेपूट मुळात काय म्हणते?

गोंधळ क्रियापदाने घातलेला नाही. ‘गो’ बिचारं जाणेच म्हणतंय. (जाता जाता एक गंमत. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हा खरं तर दुसऱ्याच क्रियापदाचा, ‘वेंड’चा. आपणही ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ असा दुसऱ्याच धातूवरून उसना आणलाय. ‘जाणे’ संस्कृत ‘या’कडून आलं, ‘गेला’ ‘गत’कडून. एवढ्या नेहमीच्या क्रियेला दोन्ही भाषांना एका घरातला शब्द पुरला नाही.)

सगळा खेळ शेपटीचा आहे. ‘ऑफ’ आणि ‘अमक्याचा तमका’ सांगणारा इंग्रजीतला ‘ऑव्ह’ हे मुळात एकच शब्द. जोर देऊन उच्चारला की ऑफ, ओझरता उच्चारला की ऑव्ह. त्यांची स्पेलिंगं पक्की वेगळी झाली ती सतराव्या शतकाच्या आगेमागे. या शब्दाचा मूळ अर्थ ‘पासून दूर’. आता खरी मौज. याच शब्दाचा संस्कृतातला सख्खा भाऊ आहे ‘अप’. तोच आपल्या अपहरणातला, अपकर्षातला, अपभ्रंशातला. ग्रीकमधला ‘अपो’ आणि लॅटिनमधला ‘अब’ हेही त्याच कुळातले. अपहरण म्हणजे दूर ओढून नेणं, अपभ्रंश म्हणजे मूळ रूपापासून ढळणं. स्विचवरचा ऑफ आणि अपहरणातला अप एका आजीची नातवंडं आहेत.

म्हणजे ‘ऑफ’ला बंद हा अर्थ जन्मतः नाही. त्याला एवढंच म्हणायचंय, ‘जिथे होतं तिथून सुटलं, वेगळं झालं.’ कुठून सुटलं, ते त्या त्या वस्तूला विचारायचं.

ऑफ स्टंपही यात बसतो. बॅट्समनच्या पायांपासून जी बाजू लांब, ती ऑफ.

गजराच्या घड्याळाच्या पाठीमागे

आता काकांचा अलार्म. त्यासाठी मोबाइल बाजूला ठेवून वर दोन वाट्या आणि त्यांच्यामध्ये हातोडी असलेलं जुनं किल्लीचं घड्याळ डोळ्यासमोर आणा. आमच्या आजोळी शिंकाळ्याखालच्या फळीवर असं एक होतं. त्याच्या पाठीमागे दोन किल्ल्या होत्या, एक घड्याळाची आणि एक गजराची. गजराची किल्ली पिळताना बोटांना जोर लागायचा, कारण आत एक पोलादी पट्टीची स्प्रिंग आवळली जायची. ती उलगडायला धडपडत असते, पण हातोडीला एका छोट्या पट्टीने अडवून धरलेलं असतं. रात्रभर हे असंच. आत ताण आणि बाहेर शांतता. पहाटे पाचला एका चाकावरची खाच बरोबर समोर येते, पट्टी जरा सरकते, हातोडी मोकळी होते आणि स्प्रिंगची ताकद संपेपर्यंत दोन्ही वाट्यांवर थाडथाड आपटत राहते.

त्या क्षणी काय झालं? अडवून धरलेलं काहीतरी सुटलं. अडणीपासून वेगळं झालं. ‘गो ऑफ’.

बंदुकीचंही हेच आणि इंग्रज माणूस बंदुकीबद्दल ही जोडी गेली चारशे वर्षं तरी वापरतोय. घोडा चढवला की तो ताणून अडकलेला राहतो. चाप ओढला की अडकण निघते, घोडा आपटतो आणि बार उडतो. घोडा अर्धाच चढवून ठेवला तर तो सुरक्षित समजायचे, कारण तिथून बार उडायला नको. तरी एखादी खराब बंदूक तशातच उडायची. यावरूनच पुरती तयारी न करता कशातही उडी घेणाऱ्याला इंग्रजीत ‘वेंट ऑफ हाफ-कॉक्ड’ म्हणतात. उंदराचा सापळा, फटाका, बॉम्ब, संतापलेला साहेब, सगळे याच रांगेत. आत दाबून ठेवलेलं काहीतरी असतं आणि ते सुटतं.

आजच्या फायर अलार्ममध्ये स्प्रिंगही नाही आणि हातोडीही नाही. शब्द मात्र स्प्रिंगच्या जमान्यातला राहिला. आपण तरी टीव्हीचा आवाज ‘पिळायचं’ बटण गेल्यावर कुठे लगेच बोलणं बदललं?

“एकाच शब्दाचे उलटे अर्थ? ही काय भाषा झाली!”

काकांचा पुढचा आक्षेप हाच होता. एकदा चालू होणे, एकदा बंद होणे. असली भोंगळ भाषा जगावर राज्य कशी करते?

मी त्यांना विचारलं, “काका, गाडी सुटली म्हणजे काय झालं?”
“निघाली.”
“आणि शाळा सुटली म्हणजे?”
“संपली.”
“वारा सुटला?”
“वाहायला लागला.”
“दारू सुटली?”
काका हसले. “ते आमच्या मेव्हण्याला विचारा.”

‘सुटणे’ हे आपलं ‘गो ऑफ’ आहे आणि ते तितकंच अवली आहे. घाम सुटला, तोंडाला पाणी सुटलं, घमघमाट सुटला, या सगळ्यांत काहीतरी सुरू झालं. नोकरी सुटली, संगत सुटली, यात काहीतरी संपलं. गाठ सुटली, गणित सुटलं, आरोपी सुटला. स्लिपमध्ये कॅच सुटला. बाळंतपणानंतर पोट सुटलं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल आपण हळूच म्हणतो, ‘सुटला बिचारा’. आणि घरमालक ज्या दिवशी तोंडाचा पट्टा सोडतो, त्या दिवशी आपण म्हणतो, ‘आज असा सुटला होता की विचारू नका.’ इंग्रजीत हुबेहूब याच प्रसंगाला ‘ही वेंट ऑफ ऑन मी’ म्हणतात.

आपल्याला यात विरोध जाणवत नाही, कारण डोक्यात चित्र एकच असतं. बंधन होतं, ते गेलं. गाडी स्टेशनात थोपवलेली होती, ती मोकळी झाली म्हणून निघाली. मुलं वर्गात थोपवलेली होती, ती मोकळी झाली म्हणून शाळा संपली. सुरू की बंद हा प्रश्न ‘सुटणे’ला कुणी विचारलेलाच नाही.

जर्मन शिकलेल्यांना आणखी एक साक्षीदार सापडेल. जर्मनमध्ये अलार्म वाजला, गोळी उडाली यासाठी ‘लोसगेहेन’ म्हणतात. ‘लोस’ म्हणजे सुटा, मोकळा. ‘गेहेन’ म्हणजे जाणे. सरळ ‘सुटून जाणे’.

आपल्या जोडीचा सोबतीही इथेच भेटतो. सुटणेला जसा सोडणे, बाण सुटला आणि बाण सोडला, तसा ‘गो ऑफ’ला ‘सेट ऑफ’. अलार्म आपला आपण वाजला तर ‘वेंट ऑफ’. गुरुजींच्या होमाने वाजवला तर ‘द स्मोक सेट इट ऑफ’.

“मग दिवे गेले, त्याचं काय?”

दिव्यात काही ताणून धरलेलं नसतं. तिथे चित्र वेगळं आहे आणि ते मोडून-तोडून गजराच्या चित्रात बसवायला मी जाणार नाही. दिवा विजेला जोडलेला असतो, तोवर पेटतो. स्विच दाबला की आतली पितळी जीभ दुसऱ्या तुकड्यापासून अलग होते. जोड तुटला. ‘ऑफ’ इथेही ‘पासून दूर’च आहे, पण दूर झाला तो पुरवठ्यापासून. म्हणून दिवा, हीटर, एसी, गिझर ‘वेंट ऑफ’ झाले की बंद.

दुधाचं तिसरंच. दूध चांगल्या स्थितीत होतं, तिथून ढळलं. अपभ्रंशातला ‘अप’ आठवा. मासे, मटण, फॉर्मात असलेला बॅट्समन आणि एकेकाळचा आवडता चहा, सगळे या खात्यात.

तेव्हा खूणगाठ अशी बांधा. वस्तू ‘गो ऑफ’ झाली की विचारायचं, ही आधी कशाला धरून होती? अडणीला धरून असेल तर उडेल, वाजेल, फुटेल. पुरवठ्याला धरून असेल तर विझेल. ताजेपणाला धरून असेल तर नासेल. जागेला धरून असेल तर निघून जाईल. भाषाशास्त्रातही ही वाट मळलेली आहे. कॅलिफोर्नियात सुझन लिंडनर यांनी १९८१ साली ‘अप’ आणि ‘आउट’ या दोन शेपटांवर आख्खा प्रबंध लिहिला, तो हेच दाखवायला की हे अर्थ वाटेल तसे विखुरलेले नसून एकमेकांना चिकटून वाढलेले असतात.

तरी ही खूणगाठच, कायदा नव्हे. ‘लग्न छान वेंट ऑफ झालं’ यात सुटलं काय, असं विचाराल तर मी म्हणेन की रॉकेट एकदा सुटलं आणि वाकडंतिकडं न जाता वर गेलं, तसं. पण हे मी अर्थ माहीत असल्यावर जुळवलेलं आहे. आधीपासून ओळखता आलं असतं, अशी बढाई मारणार नाही.

“संदर्भाने कळतंच की. एवढा ऊहापोह कशाला?”

बहुतेक वेळा कळतं. फ्रिज उघडून नाक मुरडत कुणी ‘गॉन ऑफ’ म्हणालं तर दुधाचा स्फोट झाला, असं कुणी समजत नाही. अडचण येते ती संदर्भच नसतो तेव्हा. चार शब्दांचा मेसेज, खरखरणारा वॉकीटॉकी, धुकं.

धुकं मी उगाच म्हणाले नाही. २७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर लॉस रोदेओस विमानतळाच्या एकाच धावपट्टीवर दोन जंबो जेट विमानं होती, केएलएमचं आणि पॅन ॲमचं. धुक्यात ती एकमेकांना दिसत नव्हती आणि कंट्रोल टॉवरला दोन्ही दिसत नव्हती. केएलएमच्या वैमानिकाने रेडिओवर म्हटलं, ‘वी आर नाऊ ॲट टेकऑफ’. त्याला म्हणायचं होतं, आम्ही उड्डाणाला लागलोय. टॉवरने समजून घेतलं, उड्डाणाच्या जागी उभे आहेत. टॉवर म्हणाला, ‘ओके’, आणि पुढे ‘थांबा, मी कळवतो’ असं जे म्हणाला ते दुसऱ्या विमानाच्या बोलण्याच्या आवाजात नीट पोचलंच नाही. ५८३ माणसं मेली. विमान वाहतुकीच्या इतिहासातला सर्वांत मोठा अपघात तो हाच. त्याची कारणं अनेक होती. परवानगीशिवाय विमान पळवलं हे मुख्य, आणि हे वाक्यही त्यांपैकी एक. त्यानंतर नियम झाला की प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच ‘टेकऑफ’ हा शब्द उच्चारायचा. एरवी ‘डिपार्चर’ म्हणायचं.

विमानांच्या देखभालीची पुस्तकं तर एका आखून दिलेल्या, सोवळ्यातल्या इंग्रजीत लिहितात. तिच्यात एका शब्दाला एकच अर्थ. ‘फॉलो’ म्हणजे मागून येणे, एवढंच. सूचना ‘फॉलो’ करा असं तिथे लिहायचं नाही, ‘ओबे’ लिहायचं. फ्रेजल व्हर्ब तर शक्यतो नकोच. जगभरचे मेकॅनिक ती पुस्तकं वाचतात आणि बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसते. मी स्वतः मशिनींची माहितीपत्रकं मराठीत आणते, तेव्हा मूळ मजकुरात ‘इफ द अलार्म गोज ऑफ’ दिसलं की एकदा थांबून मागचं-पुढचं पान उलटून बघते. एका कारखान्यासाठी आधी कुणीतरी केलेलं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं होतं. त्यात लिहिलं होतं, ‘अलार्म बंद झाल्यास त्वरित बाहेर पडा.’ ते वाचून कामगार काय करेल? अलार्म वाजत असेपर्यंत काम करत राहील.

सोसायटीच्या नोटिशीत, ऑफिसच्या ईमेलमध्ये, मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर, जिथे गैरसमज परवडत नाही तिथे ‘अलार्म इज रिंगिंग’ लिहावं. बंद पडला असेल तर ‘हॅज स्टॉप्ड’. इंग्रजी कच्चं वाटेल, अशी भीती बाळगू नका.

“मग हे सगळं पाठ करायचं का?”

नका करू. पाचशे फ्रेजल व्हर्ब्सची पुस्तकं स्टेशनवर मिळतात आणि तिसऱ्या पानावर माणसाला झोप लागते, ‘गोज ऑफ टु स्लीप’. यादीत शब्द उघडेबोडके असतात. प्रसंगात ते कपडे घालून येतात. आपण ‘सुटणे’ असंच शिकलो, कुणी अकरा अर्थांचा तक्ता भिंतीवर लावला नव्हता.

एक प्रसंग मात्र अगदी घोकून ठेवण्यासारखा आहे, कारण तो रोज सकाळी घडतो. रात्री गजर लावला, ‘आय सेट द अलार्म.’ सकाळी वाजला, ‘इट वेंट ऑफ.’ मी बंद केला, ‘आय टर्न्ड इट ऑफ.’ शेवटच्या दोन वाक्यांत दोन ‘ऑफ’ पाठोपाठ आलेत आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. काकांनी हे एका कागदावर लिहून घेतलं, घडी करून खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर नवीन सूचना टाकली, यावेळी शुद्ध मराठीत: ‘होम-हवन करणाऱ्यांनी पॅसेजकडचं दार बंद ठेवावे, भोंगा सुटतो.’

हल्लीचं ‘गो ऑफ’

ही जोडी अजून वाढतेच आहे. इंटरनेटवरची तरुण मंडळी हल्ली कुणाला ‘गो ऑफ’ म्हणतात ते शाबासकी म्हणून. कधी टोमणाही असतो. तावातावाने लांबलचक लिहिणाऱ्याखाली कुणीतरी ‘बट गो ऑफ, आय गेस’ टाकतं, म्हणजे ‘चालू द्या तुमचं’.

माझी भाची डोंबिवलीत वाढली, आता इंग्लंडमध्ये शिकते. तिथल्या गणेशोत्सवात ती लावणीवर नाचली आणि तिने व्हिडिओ टाकला. खाली तिच्या वर्गातल्या मुलींनी रांगेने लिहिलं होतं, ‘गो ऑफ, क्वीन!’ माझ्या आईने चष्मा लावून एकेक अक्षर जुळवत ते वाचलं आणि ताबडतोब तिला फोन लावला. “अगं, त्या तुला तिथून निघून जा म्हणतायत का गं?”

पलीकडून हसण्याचा आवाज आला. “नाही गं आजी. ‘सुटलीयस नुसती!’ असं म्हणतायत.”